पेवातून सोडलेला पिळाचा उजेड

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आमच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात अजून एकानंही ठेवलेला नाही. पण दोन हजार तीनच्या दिवाळीत मी उजेडाला पीळ घालून स्वतःचा जीव वाचवला.

माझा पुतण्या स्वप्निल हैदराबादला उजेडावरच संशोधन करतो. सुटीला येताना त्यानं बोटाएवढा लाल लेझर आणि बारीक रेघांची एक काच आणली. मधली एक रेघ पुढं जाऊन दोन झालेली, वाटेला फाटा फुटावा तशी. त्या काचेतून गेला की उजेडाला सुतासारखा पीळ पडतो, म्हणाला, आणि भिंतीवर ठिपक्याऐवजी कडं उमटतं, मधे काळं भोक. पीळ एक, दोन, तीन, हवे तेवढे, उजवे नाहीतर डावे. एकेका पिळाला एकेक अक्षर ठरवलं की निरोप जातो. उजेडाचा एकच कण सोडला तर तो उजवा आणि डावा दोन्ही असू शकतो. वाटेत कोणी डोकावलं की मोडला.

कडं अंधारात चांगलं दिसतं, हेही तो बोलून गेला. जवारी साठवायच्या जमिनीखालच्या पेवाइतका अंधार गावात दुसरीकडं कुठं? तो सेनगावला गेला तसा मी दोन्ही वस्तू उचलल्या आणि शेतातल्या पेवाचा दगड सरकवला.

पेवात उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर हवा वाईट, उतरायचं नाही. मी कंदिलाच्या जागी लेझर सोडला. तळाशी लालभडक, विझायचं नाव नाही. दोर वरच्या दगडाला बांधून उतरलो.

वरची गाठ सुटली आणि दोर माझ्याच डोक्यावर पडला. वर ताटाएवढं आभाळ, खाली मांडीपर्यंत जवारी. हललो की आणखी खचायचो. लिंपलेल्या भिंतीला नख धरेना. आंबूस वासानं छाती आवळत चालली.

घाबरलो मात्र नाही. काच लेझरपुढं धरली आणि ‘नामाजी पेवात’ ही अक्षरं पीळ मोजून आभाळाकडं सोडली, एकेक कण, थेट सेनगावला स्वप्निलकडं.

परवा ओट्यावर हे सांगत होतो तेव्हा शेजारच्या संतरामनं विचारलं, मधे कोणी पाहिलं असतं तर? मी म्हणालो, पाहिलं असतं तर निरोप मोडला असता आणि मी तिथंच राहिलो असतो. मी इथं बसलोय, म्हणजे कोणी पाहिलं नाही. संतरामनं मान डोलावली.

दारात तूर निवडत बसलेल्या माझ्या बायकोनं, चांगुणाबाईनं, सूप खाली ठेवलं.

“स्वप्निल तर सेनगावहून दोन दिसानं आला,” ती म्हणाली. “बैलाचा कासरा म्या सोडला पेवात. अन् उजेड-बिजेड काई पाहिला न्हाई म्या. ‘चांगुणे, मेलो गं’ म्हणून तुमी असे रडून राहिले होते, की कापूस वेचता वेचता पार बांधापल्याड ऐकू आलं.”