ना पेणला, ना रोह्याला

आमच्या सासूच्या खुब्यात पू झाला आणि तो कुणाच्या घरात झाला यावरून दोन भाऊ भांडले. तिला किती दुखतंय हे विचारायचं राहूनच गेलं. भांडणात मीही होते, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

सासूचं नाव चंद्रावती. आम्ही सगळे तिला आय म्हणतो. तिचा सगळा जन्म मिठागरात गेला. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून वाहून खुबा झिजला, पाय आखूड झाला, आणि मग दिवाळीनंतर पनवेलला सांधा बदलून घेतला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं की सगळं नीट केलं तरी शंभरात एक-दोघांना सांध्यात जंतू शिरतात. आम्ही माना डोलावल्या. शंभरातले एक-दोन म्हटलं की प्रत्येक जण स्वतःला उरलेल्यांत धरतो. आम्हीही धरलं.

आयची पाळी लावलेली होती. आधी आमच्याकडे पेणला, मग धाकट्या निलेशकडे रोह्याला, मग पुन्हा पेणला. आमचे हे डोलवीला ठेकेदाराकडे कामाला, मी गणपतीच्या कारखान्यात कच्च्या मूर्ती घासायला. निलेश धाटावच्या कंपनीत, त्याला शिफ्ट. त्याची बायको प्रतिक्षा घरी शिकवण्या घेते. म्हणजे रिकामं कुणीच नाही. तरी केलं. लघवीचं भांडं दिलं, काढलं, आंघोळ घातली, वॉकर धरून दारापर्यंत चालवलं. माझी कंबर तेव्हापासून जी धरली ती धरलीच.

बघायला येणाऱ्यांचा त्रास वेगळाच. जो येई तो आयच्या कॉटवर बसे, बोटानं खुबा दाबून बघे आणि विचारी, "हितंच लोखंड घातलाय काय?" हात धुवून या म्हटलं की नाकं मुरडायची. म्हणे, सुनेनं माणसं तोडली.

रोह्याला नेताना आयला रेल्वेनंच जायचं होतं. आधी ती निलेशकडे रेल्वेनंच जायची, मांडीवर तांदळाची पिशवी, खिडकीशी जागा धरून. पण आता तिला डब्याची पायरी कुठली चढवणार? निलेशनं मित्राची व्हॅन आणली. पुढच्या सीटवर दोन उशा घालून मीच तिला बसवलं. परतही ती त्याच व्हॅननं आली.

दुखायला लागलं ते रोह्यात, चैत्रात. आय म्हणाली, वारा लागला असंल. पेणला आल्यावर एका सकाळी परकराला डाग दिसला. बरी झालेली जखम कडेला फुटून तिथून पू येत होता.

बस्स. तेवढं पुरे झालं.

"वहिनी कारखान्यातनं येतात, हाताला ती धूळ, आनि तशाच आयला उठवतात," प्रतिक्षा फोनवर म्हणाली. मला नाही, यांना. मी फोन हिसकावून घेतला. "आणि तुझा नवरा कंपनीच्या कपड्यानिशी तिच्या कॉटवर बसतो ते काय अत्तर लावून बसतो? दुखायला लागलं कुणाकडं?" मग निलेश मध्ये पडला आणि ते वाक्य बोलला, जे नंतर आम्हा सगळ्यांच्या मानेवर बसलं. "ज्याच्या घरात लागला, त्यानं निस्तरायचा."

निस्तरायचं म्हणजे काय, ते डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. पनवेलचे तेच डॉक्टर आठवड्यातून एकदा पेणला बसायचे, तिथे आम्ही चौघे आयला खुर्चीवर घालून घेऊन गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितले, जखम बघितली आणि चष्मा काढून ठेवला. घातलेला सांधा काढावा लागेल. आत साफ करून औषध भरलेला तात्पुरता सांधा ठेवायचा, सहा आठवडे इंजेक्शनं, मग सगळं कोरडं झालं तर पुन्हा नवा. तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही. म्हणजे सगळं बिछान्यातच.

मी मनात हिशोब मांडला. सहा आठवडे, आणि पुढे नवा सांधा म्हणजे परत तेच. मला रडू आलं, पण आयसाठी नाही. स्वतःसाठी.

"डॉक्टर," निलेशनं विचारलं, "ह्यो लागला कुठं? पेनला का रोह्याला?"

आता सांगते, मी त्या क्षणी देवाला हात जोडले होते. म्हटलं, रोहा म्हणू दे. एकदा रोहा म्हणू दे, मग मी सहा आठवडे उताणी झोपेन.

"ते कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनच्या वेळीच शिरले असतील आणि इतके महिने गप्प बसले असतील. नंतर रक्तातूनही जातात. एखादा दात किडतो, पायाला फोड येतो, तिथून. तुम्ही कितीही जपलंत तरी होऊ शकतं. मी सांगितलं होतं, शंभरात एक-दोघांना."

"पन आमच्याच घरात कसा?"

"ते एक-दोघं कुणाच्या तरी घरातलेच असतात," डॉक्टर म्हणाले. तेही दमलेले दिसत होते. बाहेर बाकावर रांग होती.

"तरी पन अंदाज?" आमचे हे म्हणाले. मला त्यांची लाज वाटली. पण मलाही अंदाज हवाच होता.

तेव्हा आय बोलली. इतका वेळ ती खुर्चीत मान खाली घालून बसली होती, आम्ही तिला विसरलोच होतो.

"गाडीत लागला."

"कुठल्या गाडीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोह्याच्या रेल्वेत. कासू ठेसन गेल्यावर. बाजूला एक बाई बसलेली, तिच्या टोपलीचा कोपरा लागला हितं. तवापासून दुखतंय. ना पेनला लागला, ना रोह्याला." मग तिनं आम्हा चौघांकडे एकेक करून बघितलं. "कुनाचा दोस नाय. उगा भांडू नका रं."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना काय ठाऊक, आय रेल्वेत बसलीच नव्हती. आम्हा चौघांना ठाऊक होतं. उशा मी घातल्या होत्या, व्हॅन निलेशनं चालवली होती, मागे प्रतिक्षा वॉकर धरून बसली होती. आयला खोटं बोलायची सवय नाही, तेही तिला धड जमलं नाही. एवढं पोकळ खोटं. निलेश खिडकीबाहेर बघत राहिला. प्रतिक्षानं पदर तोंडाला लावला.

मला दया आली असं म्हणणार नाही. दया यायला अंगात जोर लागतो. मला लाज वाटली, आणि ती सहन होईना म्हणून मी म्हटलं, "आय आमच्याकडं राहील."

"तुजी पाली तर झाली गो," आय म्हणाली.

"झाली तर झाली."

प्रतिक्षा हळूच म्हणाली, "शिकवनी दुपारची बंद करते वहिनी. मी येत जाईन पेनला." मी हो म्हटलं. येईल तेव्हा खरं.

सांधा काढला. आय परत आमच्याकडे आली, कॉट पुन्हा खिडकीशी लागली. आता ती फारसं बोलत नाही, इंजेक्शनानं तोंड कडू होतं म्हणते. पहिल्याच दिवशी शेजारची सीताबाई आली. दारातच मी तिला साबण दाखवला. तिनं नाक मुरडत हात धुतले आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुनाच्या पालीत झाला गो ह्यो?"

आतली कॉट कुरकुरली. आय ऐकत होती.

"कुणाच्याच नाही," मी म्हटलं. "गाडीत लागलं. कासू गेल्यावर."

"गाडीत? टोपली-बिपली लागली काय?"

"व्हय," मी म्हटलं. "टोपलीचा कोपरा."

आतून आयनं हाक मारली. मी भांडं घेऊन गेले.