धानोऱ्याचे सातशे प्रश्न

अलमासने वडिलांच्या मिरचीच्या व्यापारासाठी फोनवरच्या मेसेजना आपोआप उत्तरं देणारा साधा प्रोग्राम तयार केला. भाषा शिकवायला तिने इंटरनेटवरचे, प्रमाण मराठीतल्या तयार संवादांचे दोन मोठे संग्रह त्याला दिले. पहिली चाचणी धानोऱ्याच्या शोभाबाईंनी घेतली. त्या दरवर्षी आपली मिरची नंदुरबारला अलमासच्या वडिलांकडे, मुबीनशेठकडेच आणत. ओली मिरची घेता का, हे त्यांनी आपल्या अहिराणीत लिहून विचारलं, "वल्ली मिरची लेतस का?"

"क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही," उत्तर आलं.

शोभाबाई खो खो हसल्या. "हाऊ तर मोठा साहेब शे, माय!"

अलमास ओशाळली नाही. कुठे चुकलं ते तिला लगेच कळलं. तिने दोन्ही संग्रह काढून टाकले आणि अब्बांचा फोन मागितला. धानोऱ्याच्या शेतकऱ्यांनी तीन हंगामांत विचारलेले प्रश्न त्यात होते.

"त्यात शुद्धलेखनाचा पत्ता नाही," मुबीनशेठ म्हणाले.

"लोक असंच लिहितात, अब्बा. त्याला हेच वाचता आलं पाहिजे."

प्रत्येकाची परवानगी घेऊन, नावं आणि नंबर वगळून तिने सातशे प्रश्न निवडले. उत्तरं अब्बांनी सांगितली, ती अहिराणीत शोभाबाईंनी नीट करून दिली.

आठवड्याने शोभाबाईंनी तोच प्रश्न पुन्हा टाकला.

"हा, लेतस. सकायले लई या," प्रोग्रामने मिरची सकाळी घेऊन यायला लगेच सांगितलं.

शोभाबाई पदर सावरून सरसावून बसल्या. "आते मन्हा आवाजमा बोलाले शिकाड त्याले."

अलमासने हसत रेकॉर्डिंग सुरू केलं.