सहावा कप्पा

आमच्या घरात लग्नपत्रिका फेकायची सोय नाही. मी त्या जपून ठेवते, कापते, त्यांचे खिसे, झडपा, ओढायच्या पट्ट्या करून वह्यांमध्ये चिकटवते. पुंडलिकनगरातल्या चार बायका हे शिकायला माझ्याकडे येतात. सासूबाई, मनकर्णाबाई, मात्र याला सरळ कचरा म्हणतात.

जानेवारीत सासऱ्यांना, म्हणजे दादांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. खुलताबादच्या शेतात त्यांनी हाक मारली की तिसऱ्या बांधावरचा माणूस थबकायचा. आता नुसतं "अं, अं". आम्ही चुकीचं ओळखलं की ते भिंतीकडं तोंड करत आणि जेवणही नाकारत. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांनी सांगायचं सोडून दिलं ना, तर मग आपल्या हातात काही राहणार नाही." मला धडकीच भरली.

म्हणून मी कचऱ्याला हात घातला.

पहिलं पान साफ फसलं. पाणी, चहा, संडास, दुखतंय, अशा चार पट्ट्या केल्या आणि चारही उजवीकडून ओढायच्या. ज्यांचा उजवा हात उठत नाही त्यांच्यासाठी! दादांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच भिंतीकडं तोंड केलं. पट्ट्या डावीकडं घेतल्या, तशी दुसऱ्या दिवशी 'चहा'ची पट्टी बाहेर आली. मी कपभर जास्तच केला.

मग मला चेव आला. जाड पत्रिकांची गोल चकती कापली, मधोमध पितळी पिन टोचली, वरून खिडकी पाडलेला पुठ्ठा बसवला. अंगठ्यानं चकती फिरवायची, खिडकीत हव्या त्या माणसाचा फोटो आणायचा, पुठ्ठा पलंगावर आपटायचा. ज्याचा फोटो तो हजर. नवरा शिवराज, मी, लेक श्रेया, व्यायाम करून घेणारे डॉक्टर, उचलायला मदत करणारे शेजारचे सोमनाथभाऊ. पाच झाले. सहावा कप्पा उरला, तिथं मी पत्रिकेवरचं कमळ चिकटवलं. चकती बाकी देखणी झाली होती.

दादा फिरवायचे आणि कमळावर थांबायचे. आपटायचे. "फूल आवडलं तुम्हाला?" मी खुशीत विचारायचे. ते चकती ढकलून द्यायचे. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी सासूबाई बहिणीला भेटायला सकाळच्या एसटीनं गावी गेल्या आणि दादांनी नाश्त्याला तोंड लावलं नाही. पुन्हा कमळ. पुन्हा आपटणं. मी वैतागून म्हणाले, "अहो दादा, फुलाला काय करू आता?"

त्यांनी डावा हात उचलला आणि पलंगाच्या कडेवर, सासूबाई रोज बसतात तिथं, हळूच दोनदा थोपटलं.

मी खाली बसले. सगळ्या घरादाराचे फोटो लावले, सासूबाईंचा तेवढा नाही. त्या कायम जवळच असतात, त्यांना कशाला बोलवावं लागेल, असंही मी म्हटलं नव्हतं. मुळात त्या माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या. मला स्वतःची लाज वाटली.

फोटो शोधायला गेले तर त्यांचा एकटीचा फोटो घरात एकच, आधार कार्डावरचा. तोच झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला आणि कमळावर चिकटवला. संध्याकाळी सासूबाईंनी परत येऊन तो पाहिला.

"हे काय गं? चोरावानी दिसायलेय मी. अन् मला कशाला लावलं? मी तर इथंच असते."

"दादांना पाहिजे होता."

"त्यांला? काय बी सांगतीस."

त्या पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. भाकरी तव्यावर पडली असेल नसेल, तोच बाहेर पुठ्ठा आपटला. श्रेया ओरडली, "आजी, तुला बोलावलंय."

पिठाच्या हातानंच त्या बाहेर आल्या. मी दारात उभी राहिले.

"पाणी पायजे?"

दादांनी मान हलवली. नाही.

"मंग? कंबर दुखायली?"

नाही.

"उशी देऊ? पंखा? बोला की."

नाही, नाही.

सासूबाई तशाच उभ्या. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात दादांच्या हाकेमागं काही ना काही काम आलंच होतं. पाणी आण, बैल आत घे, पाहुणे आलेत. त्यांनी पुन्हा एकदा, जरा हळू विचारलं, "कायच काम नाय?"

दादांनी पलंगाची कड थोपटली.

सासूबाईंनी हाताचं पीठ पदराला पुसलं. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "विशाखा, भाकरीकडं बघ गं जरा." आणि बसल्या.

मी आत पळाले. भाकरी करपली होती, आणि रडू आवरत नसल्यानं मला ती नीट उलटताही येईना.