बिनसोयऱ्याचा रस्ता

कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. मडगार्डही नाही, म्हणजे चिखल उडाला का सरळ पाठीवर. असली सायकल आमच्या पोरानं, चंद्रकुमारनं, नागपूरवरून बापासाठी पाठवली, अन् बाप असा खुश का विचारू नका. मी म्हटलं, याच्यावर धानाचा एक कट्टा तरी नेता येते काय जी? तर म्हणे, ही ओझं वाहाची सायकल नाही, फिराची आहे. घ्या. साठी उलटलेला माणूस, घरी नातू, अन् हा अंगाले चिकटलेली चड्डी घालून, डोक्यावर हेल्मेटचं टोपलं बांधून आमच्या सिहोऱ्याच्या चौकातून जाते. बाया माह्याकडे पाहून पदर तोंडाले लावत. मी मान वर करून चालत होती, पण आतून जळत होती.

हसू आलं असतं मलेही. पण मागच्या वर्षी हेच यादोराव, माहे मालक, शेतात धानाच्या बांधीत आडवे पडलेले मी पाहिले आहेत. तोंड पांढरं, घामानं बनियान ओली, अन् हात छातीवर. नागपूरले नेलं, हृदयाच्या नळीत छल्ला टाकला, वाचले. डॉक्टर म्हणाला, आता फिरत राहा. डॉक्टरच्या मनात गावच्या तलावापर्यंतचं फिरणं असन. आमचे हे बावनथडीच्या खोऱ्यातून पार नाकाडोंगरीले फिरून याले लागले.

ते गेले का माहा जीव ठिकाणावर राहत नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडे. फाटकाशी जाओ, परत येओ, झाडू हातात घेऊन तशीच उभी राहून जाओ. सून हर्षा म्हणे, आई, बसा ना जी. बसू कशी? रस्ता सुना, मधात जंगल, माणूस पडला तर पाहाले चिटपाखरू नाही. फोन लावला तर म्हणत, सायकलवर फोन उचलता येत नाही. मंग मी दुसरं डोकं चालवलं.

आमच्याकडे असं गाव नाही का जिथं सोयरा नाही. माहं माहेर आंबागड, लहान बहीण शकुन नाकाडोंगरीले दिलेली, मधात ह्याईची आतेबहीण, माही मामेसासू, कोणाची ना कोणाची लेक. मी एकेकाले फोन लावला. सांगितलं, हे तिकडून येऊन राहिले, रस्त्यावर नजर ठेवा, दिसले का मले कळवा. अन् सोयरा माणूस जवायाले नुसता पाहून सोडते काय? सायकल दिसली का लोकं रस्त्यात आडवे. जवाई, चाय घेऊन जा. भाऊजी, पोहे केले आहेत. नाही म्हणाची सोय नाही, माणसं रुसतात. हे घरी येत तवा पोटात चाय डुचमळत राहे, अन् म्हणत, आजकाल सारे लोकं इतक्या सकाळी रस्त्यावर कायले उभे राहतात कोणास ठाऊक. मी मान खाली घालून भाकर थापत राहो. मले तं त्याईच्या आधी ठाऊक राहे, कुठं काय पिले अन् काय खाल्लं.

बिघडवलं ते गोपीचंदनं, शकुनच्या नवऱ्यानं. माणूस भला, पण अंगात उत्साह फार. त्यानं गावातल्या कंपाउंडरले बोलावलं, रस्त्याच्या कडेले बाज टाकली अन् बीपीची मशीन घेऊन बसला. हे चढ चढून धापा टाकत आले, यानं बळजबरी बाजेवर निजवलं अन् पट्टा बांधला. आता चढ चढून आलेल्या माणसाचं बीपी वर राहणार नाही तं कुठं राहीन? पण मशीननं आकडा दाखवला अन् गोपीचंद घाबरला. त्यानं सायकल बाजाराले निघालेल्या कोहळ्याच्या टेम्पोत टाकली, ह्याईले धरून आत चढवलं अन् सिहोऱ्याले आणून घातलं. ते पण बाजारच्या दिवशी, भर चौकात. कोहळ्याच्या ढिगावर सायकल, अन् बाजूले डोक्यावर टोपलं घातलेले आमचे हे. जो तो विचारे, काय झालं, काय झालं. गोपीचंद सांगे, रुखमाताईनं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून वाचले.

ह्याईनं माह्याकडे एकदा पाहिलं. भांडले असते तं बरं झालं असतं, मीही दोन ऐकवल्या असत्या. ते तं जेवले, निजले, दुसऱ्या दिवशी खळ्यावर धान चुराले गेले, अन् सायकल कोठीत उभी राहिली. घरात नुसतं हो अन् नाही. मले वाटलं, चला, सुटली पीडा. खोटं कायले बोलू, मनातून मी जिंकली होती.

मंग एके दिवशी सकाळी उठून पाहते तं कोठीचं दार उघडं, सायकल गायब, अन् फोन बाजेवर पडलेला.

मी एकामागून एक सारे फोन लावले. शकुन म्हणे, इकडं दिसले नाही. आंबागडवाले म्हणे, दिसले नाही. मामेसासू तं उलटी मलेच विचाराले लागली, काहून, भांडण झालं काय? मंग ध्यानात आलं. हा माणूस असा रस्ता धरून गेला जिथं सोयराच नाही. अन् असा एकच रस्ता आहे, बावनथडीच्या काठाकाठानं, नदी डोंगराच्या फटीतून जाते तिकडचा. तिथं गावच नाही, तं सोयरा कुठून राहीन?

हर्षाची स्कुटी काढली. तिनं शिकवली तवापासून मी ती बाजारापुढं कधी नेली नव्हती. शाल डोक्याले बांधून निघाली. धुकं होतं. धानाचे रचलेले पुंजने संपले, बांध्या संपल्या, सागाचं जंगल लागलं. रस्ता मात्र काळा, गुळगुळीत, अन् त्याच्यावर एक कुत्रं नाही. खाली नदीचा आवाज येत होता, नदी दिसत नव्हती. मी तोंडानं शिव्या देत होती अन् डोळ्यानं रडत होती. म्हणो, सापडू दे, ती सायकल भंगारात देते. मंग म्हणो, सापडू दे देवा, सायकल राहू देते. दर वळणावर वाटे, इथंच पडले असतीन. चंद्रकुमारले फोनवर काय सांगाचं, ते वाक्यही मी मनात जुळवून ठेवलं होतं.

एका वळणापलीकडे रस्ता एकदम उतरला. दोन्हीकडे उभे काळे खडक, मधातून नदी, अन् तिच्यावर छोटा पूल. पुलाच्या कठड्याले सायकल टेकलेली. माणूस नाही.

मी स्कुटी तशीच सोडली, ती आडवी झाली. काय ओरडली ते मले ठाऊक नाही. लग्न झाल्यापासून तोंडावर कधी घेतलं नाही ते नाव घेऊन ओरडली असन, कारण खडकाखालून आवाज आला, "इकडं आहो. वरडू नको."

खाली पाण्याच्या काठाले बसून होते. पाय पाण्यात, जोडे बाजूले, तोंड लालबुंद अन् साजरं. मी खडकावरून घसरत खाली गेली अन् पहिला हात त्याईच्या छातीवर ठेवला. दुखते काय, डाव्या हातात मुंग्या येतात काय, गोळी घेतली काय. त्याईनं माहा हात धरून बाजूले केला. हळूच केला, पण केला.

"वर्ष झालं, रुखमा," ते म्हणाले. "तू माह्यासोबत बोललीच नाहीस. तू माह्या छातीसोबत बोलतेस."

मले असा राग आला. जीव मुठीत धरून इतक्या दूर आली अन् हे ऐकाचं? "बांधीत तुमी पडले होते, पण पाहणारी मी होती," मी म्हटलं. "तुमाले काय दिसलं? तुमी तं डोळे मिटून होते."

हे त्याईच्या कधी मनातच आलं नव्हतं बहुतेक. मंग पाण्याकडे पाहतच सांगाले लागले का भेव त्याईलेही वाटते, चढावर धडधड वाढली का दर वेळी वाटते. पण या रस्त्यावर त्याईच्या तोंडाकडे पाहणारं कोणी नाही, तं घडीभर तेही विसरून जातात. गावात जो तो असा पाहते, जसा हा माणूस आज आहे, उद्या नाही. अन् सगळ्यात जास्त मी.

खरंच होतं ते. मी त्याईचे जोडे उचलून समोर ठेवले.

परत निघालो तं पुलापासून वरच्या वळणापर्यंत उभा चढ. मी म्हटलं, तुमी व्हा पुढं, मी हळूहळू मागून येते. ते पायडलवर एक पाय ठेवून उभे राहिले, निघेचना. मंग मले समजलं, चढावर त्याईले मागून पाहणारं कोणी नको. मी स्कुटी पुढं घातली. आरशात ते दिसत होते, हँडलवर वाकलेले, तोंड उघडं. थोडं पाहिलं अन् आरसा हातानं बाहेर फिरवला. आता त्यात नुसतं जंगल. असा चढ मी आयुष्यात चढली नाही, अन् चढून तं स्कुटी राहिली होती.

वर जाऊन थांबली, पण मागं वळली नाही. मान अशी दुखत होती का जशी कोणी पिरगाळली. पहिले काहीच नाही, नुसता वारा. मंग साखळीचा आवाज, अन् त्याच्यामागं धाप. ते बाजूले येऊन एक पाय टेकवून उभे राहिले. माह्या जिभेवर तेच सारे प्रश्न आले होते. मी ते गिळले अन् विचारलं, "तिथं पाण्यात काय पाहून राहिले होते जी?"

त्याईनं माह्याकडे पाहिलं, ही खरंच विचारून राहिली काय म्हणून. मंग सांगाले लागले. मासोळ्या म्हणे, बोटाएवढ्या, पायाले टोचतात अन् गुदगुल्या होतात, लहानपणी तलावात होत तशा. एक तं अंगठाच सोडे ना. सांगता सांगता हसले. वर्षभरात त्याईचं हसणं मी ऐकलं नव्हतं. मी हो हो करत होती, पण माहे डोळे त्या चिकटलेल्या कपड्याखाली छाती कशी वरखाली होते तिकडेच. काय करू, सवय लागली.

त्याईच्या ध्यानात आलं. बोलणं थांबलं, हसू अर्ध्यातच राहिलं. मी मान फिरवली, समोरच्या उताराकडे हात केला.

"निघा तुमी," मी म्हटलं. "मी मागून नाही येत."

ते गेले. उतारावर ती सायकल काय पळते, बाप्पा. पहिल्या वळणाले लहान झाले, दुसऱ्याले दिसेनासे. हळू जा, हे तोंडात आलं होतं, ओठ चावून धरला. मंग माह्याच छातीत असं धडधडाले लागलं का कानात ऐकू ये. मी रस्त्याच्या कडेले दगडावर बसली. हे भेव आता माह्या एकटीचं होतं, अन् ते मलेच सोसाचं होतं.