दोन चाचण्या आणि पांढरी

जुनी चाचणी म्हणत होती, पांढरी रोगी. नवी म्हणत होती, ठणठणीत. प्रयोगशाळेत धाकटीने पुन्हा पुन्हा रक्त तपासलं, पण दोन्ही चाचण्या भांडखोर जावांसारख्या आपापल्या जागी अडून बसल्या होत्या.

पांढरी म्हणजे तिच्या ताईची, थोरल्या बहिणीची गाय. आणि ताई प्रयोगशाळेच्या दारात, चपला हातात घेऊन उभी. आत चपला चालत नाहीत हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्या बाहेर ठेवायच्या, हे सांगायचं राहिलं होतं.

"अगं, कधी गाभडली का ती, गर्भ पडला का कधी? दोन्ही वेतांची वासरं कशी टुणटुणीत आहेत. मग कसला रोग?"

"वासरी असताना लस दिली होतीस ना?"

"दिली की. मोठी झाल्यावर पुन्हा दिली, लसवाल्याच्या मागे लागून. माझ्या तिन्ही गाईंना. म्हटलं, जास्त झाली तर काय बिघडतंय?"

धाकटीने कपाळाला हात लावला. गाभडण्याच्या रोगाची लस वासरीला एकदाच द्यायची. मोठ्या गाईला दिली की लसीची खूण रक्तात रेंगाळते, आणि जुनीला लस आणि रोग यांतला फरक कळत नाही. तो कळावा म्हणून तर नवी आणली होती.

"मग नवीचं ऐका!"

"तिचीच परीक्षा चाललीय, ताई. नियम जुनीचा. तिने रोगी म्हटलं की जनावर मारायचं."

"मग कर ना तिला पास!"

धाकटीने रक्ताची बाटली जागेवर ठेवली. नवी खरी की खोटी, हे पांढरीला कापून, रोगाचे जंतू अंगात जिथे दडतात त्या गाठींतून ते वाढतात का, ते बघूनच कळणार होतं.

"निदान ती बाटली तरी बदल. कोण बघतंय?"

"आणि जुनीच खरी निघाली तर? हा रोग दुधातून माणसालाही होतो, आणि तुझी सून पोटुशी आहे, ताई."

ताईने चपला दारातच पायात घातल्या आणि निघून गेली.

पांढरीला कापलं, पण तिच्या गाठींत काहीच वाढलं नाही. प्रयोगशाळेचे मोठे डॉक्टर खूश. "नवी बरोबर होती! पण एकीवरून काय ठरतंय? अशा दोनदा लस घेतलेल्या आणखी गाई मिळतात का बघा."

धाकटीने ताईला फोन लावला. "पांढरी निरोगी होती गं."

 ताई म्हणाली, "म्हणजे माझ्या बाकीच्या दोघी सुटल्या ना?"

काचेपलीकडे डॉक्टर पुढच्या गाईंसाठी नव्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

"हॅलो? ऐकू येतंय का तुला?"

"येतंय, ताई," धाकटी म्हणाली.