डागासकट डेलिया

“ह्याच्यावरचा डाग कुठे गेला?” फोटो खिडकीपाशी नेऊन ताईंनी विचारलं.

“काढला,” मी ऐटीत म्हणालो. “कुरतडलेली पाकळीसुद्धा भरून टाकली. बघा तरी, डेलिया कसा नटूनथटून बसलाय!”

ताई हसल्या नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आमच्या स्टुडिओत बत्तीस वर्षं ताई फोटो काढतात आणि वीस वर्षं मी ते साफ करतो. मुरूम, वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळ्यांची हकालपट्टी. साफ केलेला फोटो जुन्यावरच सेव्ह करायचा आणि कॅमेऱ्यातलं कार्ड रोज सकाळी पुसायचं, ही आमची शिस्त. पण हा फोटो गिऱ्हाइकाचा नव्हता. शहरात दरवर्षी कलाछायाचित्रांचं प्रदर्शन भरतं. ताई ते नेमाने बघून यायच्या आणि दोन दिवस गप्प गप्प असायच्या. यंदा त्या स्वतः फोटो देणार होत्या. मुदत आज पाचपर्यंत.

“आधीचा फोटो काढ.”

“नाहीये, ताई. पुसला गेला. सवयीनं...”

ताई स्टुलावर बसल्या. आवाज चढला नाही, तेच वाईट.

“हे गेले तेव्हा त्यांचा फोटो मोठा करायला तुझ्याकडेच दिला होता. कपाळावरचा वण तू पुसून टाकलास. घरात फोटो आहे, पण त्यात हे नाहीत. तेव्हा मी गप्प बसले. आज नाही बसणार.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तरी म्हणालोच, “हाच देऊ या ना. परीक्षकांना काय कळतंय?”

“मला कळतंय.”

जेवणाच्या सुट्टीत त्या घरी गेल्या आणि तासाभराने कुंडीच उराशी धरून आल्या. पहिला फोटो काढल्यापासूनच्या चार दिवसांत डेलियाने मान टाकली होती. खालच्या पाकळ्या गळल्या होत्या, डाग पसरला होता.

“आता ह्याचा काढणार?”

“ह्याचाच. जसा आहे तसा.”

कुंडी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर चढली. मागे पासपोर्टच्या फोटोंचा नेहमीचा पांढरा पडदा. बाकावर फोटोसाठी ताटकळलेल्या आजोबांना राहवेना. “काय हो बाई, फुलाला परदेशी धाडताय की काय?”

“धाडतेय. तुमचा नंबर त्याच्यामागून.”

माणसाला त्या अर्धं मिनिट देतात. डेलियाला चाळीस मिनिटं दिली. दिवा इकडे, दिवा तिकडे, मधेच गुडघ्यांवर बसून. एक पाकळी गळली. मी उचलायला धावलो.

“हात लावू नकोस!”

एवढ्या जोरात म्हणाल्या, की बाकावरचे आजोबासुद्धा सरळ बसले.

फोटो छापून बाहेर आला तेव्हा मी हात मांडीखाली घालून बसलो होतो, खोटं नाही सांगत. वाकलेली मान, पाकळीपाकळीची शीर, तो तपकिरी डाग. वीस वर्षं मी चेहऱ्यांत फक्त काढायचं काय तेवढंच शोधत आलो. ह्या फुलाकडे मात्र बघतच राहिलो.

आजोबांचा फोटो उरकेपर्यंत सव्वाचार झाले. ताईंनी प्रवेशाचा अर्ज भरायला घेतला आणि थबकल्या. कोपऱ्यात चौकोन होता. स्पर्धकाचा फोटो.

“माझा फोटोच नाही रे.”

“दिव्याखाली अंधार,” आजोबा म्हणाले.

ताई स्टुलावरची माती झटकून बसल्या. पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या हातात आला. त्यांचा हात केस सारखे करायला वर गेला आणि तसाच खाली आला. मी बटण दाबलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ताई आल्या. चष्म्याने नाकावर पाडलेले खळगे, ओठांभोवतीच्या सुरकुत्या, थकलेले डोळे. माझा हात सवयीने माऊसकडे गेला. ताई मागेच उभ्या होत्या. मी काहीच न पुसता फोटो छापायला सोडला.

ताईंनी कात्रीने चारी बाजू कापल्या आणि तो तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला.

“म्हातारी झाले की रे मी,” त्या म्हणाल्या, आणि गोंद लावून तो चौकोनात अंगठ्याने घट्ट दाबून बसवला.