शेळ्या सुटल्या

आमच्या डोंगराची एक रीत होती. खालच्या पुलावरून सरकारी गाडी वर यायला लागली की पुलाशीच राहणारा ऑर्व्हल टिबेट्स रेडिओवर दोनच शब्द बोलायचा, "शेळ्या सुटल्या." ट्रकवाले वापरतात तसला बोलायचा रेडिओ इथे घरोघरी असतो, कारण फोनच्या तारा कधी इथवर चढल्याच नाहीत. ते दोन शब्द कानावर पडले की ज्याने त्याने आपापलं काम करायचं. फाटकांना कुलपं लागायची. वाळत टांगलेला माल पोत्यांत भरून रानात जायचा. वरच्या वळणावरचे दोघे भाऊ रस्त्यात एक ओंडका आडवा लोटून द्यायचे. आणि मधल्या वळणावरची मार्वा आपल्या खऱ्याखुऱ्या शेळ्या रस्त्यावर सोडायची, म्हणजे ते दोन शब्द खरे ठरावेत. "उद्या कोर्टात शपथ घालून विचारलं, तर खोटं बोलायला नको," असं तिचं म्हणणं. मार्वा तशी देवभोळी बाई. गांजा पिकवायची, पण खोटं बोलायची नाही.

दुसरी रीत म्हणजे गांजा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आम्ही सगळे टोमॅटो पिकवायचो. माझ्या ज्युनिपरला शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? तर पोरगी ठसक्यात म्हणाली, टोमॅटो. बाईंना भारी कौतुक. म्हणाल्या, मग शुक्रवारी वर्गासाठी घेऊन ये. मी गावात जाऊन दुकानातले टोमॅटो आणले आणि स्वयंपाकघरात बसून एकेकाचं चिकटलेलं लेबल नखाने खरवडून काढलं. ज्युनिपर शेजारी उभी राहून बघत होती. मोठी झाल्यावर ती सॅक्रामेंटोला निघून गेली आणि सरकारच्या पाणीखात्यात चिकटली. मला वाटायचं, त्या लेबलांनीच तिला इथून घालवलं.

माझ्या नवऱ्याला, व्हर्नला, एकदाच पकडलं. त्या दिवशी शेळ्या सुटल्याच नाहीत. ऑर्व्हल दाढ दाखवायला युरेका शहरात गेला होता. खुर्चीत तोंड उघडून बसला होता तेव्हा वर हेलिकॉप्टर आणि खाली गाड्या, असे सगळे एकदम आले. व्हर्न तुरुंगात गेला, परत आला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी आपल्याच बिछान्यात शांतपणे गेला. त्याने ऑर्व्हलला कधी शब्दाने दुखावलं नाही. मीही नाही. पण ऑर्व्हलने स्वतःच्या मनाशी जे काय घ्यायचं ते घेतलं. त्यानंतर तो पूल सोडून हलला म्हणून नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाचं ताटसुद्धा आम्ही खाली पाठवायचो. दाढ दुखली की लवंगेचं तेल, आणि फारच झालं की व्हिस्की आणि पक्कड. तोंडात आता मोजके दात राहिले आहेत, आणि त्यातलेही काही रुसलेले.

मग लोकांनी मतं दिली आणि कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर झाला. पुढे बघता बघता गावाचं रूप पालटलं. जिथे पूर्वी आमिषं आणि गळ मिळायचे तिथे काचेच्या बरण्यांतून गांजा विकणारं दुकान आलं. आत दवाखान्यासारखा लखलखाट, आणि गल्ल्यामागे गोऱ्यागोमट्या पोरी तुम्हाला विचारणार, झोपेसाठी हवा की गप्पांसाठी? खालच्या खोऱ्यात बड्या कंपन्यांची काचघरं उभी राहिली. ज्यांच्या बुटांना कधी माती लागली नाही असे लोक डोंगरावर येऊन आम्हाला सल्ला देऊ लागले, वर सल्ल्याचे पैसे मागू लागले. मी एकाला कुत्रं दाखवून घालवला.

आणि ज्युनिपर परत आली. नोकरी सोडून, सामानसुमान घेऊन. म्हणाली, "मॉम, आपण परवाना काढायचा. सगळं उजळ माथ्याने."

"आणि टोमॅटो?"

"टोमॅटो नाही, मॉम. कॅनॅबिस म्हणायचं आता."

"माझ्या जिभेला नाही वळत ते."

"मग गांजा म्हण. पण म्हण."

तो शब्द काही मी म्हटला नाही. आयुष्यभराची सवय, सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

त्या वसंतात आम्ही पहिल्यांदा उघड्यावर लागवड केली. इतकी वर्षं आमची झाडं ओकच्या सावलीला, मँझनीटाच्या झुडपांत, वरून दिसू नयेत अशी वाढलेली. उजेडासाठी बिचारी माना लांबवून लांबवून किडकिडीत व्हायची. गांजाचं झाड पोटभर उन्हात कसं दिसतं हे मी, जन्म त्यातच काढलेली बाई, पहिल्यांदा बघत होते. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, घेरदार झाली. मला भलताच अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी भर रस्त्यात परकर सुटल्यासारखंही व्हायचं. सकाळी बाहेर आले की मी आधी आकाशाकडे बघायची.

सप्टेंबर उजाडला. माल काढणीला आला आणि परवान्याची शेवटची पायरी तेवढी उरली. सरकारी तपासनीस येऊन शेत, पाण्याची टाकी, कुंपण सगळं डोळ्यांनी बघून जाणार होती. तिने होकार दिला की वाट मोकळी. ती आली नाही किंवा परत गेली, तर पुढची पाळी थेट हिवाळ्यातल्या पावसात. तोवर माल एक तर जाळायचा, नाहीतर पुन्हा त्याच जुन्या चोरट्या गिऱ्हाइकांना द्यायचा. ज्युनिपरने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "ते जगणं मला परत नको, मॉम. नाही जमलं तर मी जाते." आवाज चढवून नाही, भांडी पुसता पुसता. म्हणून तर मी जास्त घाबरले. शेत गेलं असतं तरी चाललं असतं. पोरगी पुन्हा गेली असती, तर या वयात मी कुणाकडे बघायचं?

तर तो दिवस आला. आम्ही अंगण झाडलं, ब्लॅकबेरी-पाय, तो फळं भरलेला गोड पदार्थ, भट्टीत भाजला, मी व्हर्नचा चांगला शर्ट इस्त्री करून घातला. दहा वाजायला आले आणि कोपऱ्यातला रेडिओ खरखरला.

"शेळ्या सुटल्या! शेळ्या सुटल्या! पांढरी गाडी, दारावर सरकारी शिक्का, एकटी बाई!"

मी आणि ज्युनिपर एकमेकींकडे बघतच राहिलो.

"मॉम, तू ऑर्व्हलला सांगितलं होतंस ना, ती येणारेय म्हणून?"

"मला वाटलं तू सांगितलंस."

कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या डोंगरावर कोण कुणाला आपला दिवस सांगतं? परवाना मागितलाय हेही आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. कायद्याने करायचं काम, आणि तेही आम्ही चोरून करत होतो! ताकाला जाऊन भांडं लपवायचं, त्यातली गत. आणि आता भांडं आमच्याच पायावर पडलं होतं.

खिडकीतून मधलं वळण दिसतं. मार्वाच्या शेळ्या रस्ताभर पसरल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध ती पांढरी गाडी अडकली होती. वरच्या वळणावरून ओंडका गडगडत आल्याचा आवाज आला. अहाहा! इतक्या वर्षांत कधी एवढं चोख काम झालं नव्हतं.

"ती गाडी वळवतेय," ज्युनिपर म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा मला ती शाळेतली पोर आठवली, माझं नख आणि ती लेबलं बघणारी.

मी रेडिओ उचलला. "मी नेड्रा बोलतेय. शेळ्या आत घ्या."

आमच्यात असं कुणी कधी म्हणत नसे.

मग मार्वाचा आवाज आला, अगदी हळू. "नेड्रा, घरात कुणी घुसलंय का? तुझ्यावर बंदूक रोखलीय का? तसं असेल तर बोलू नकोस, नुसती खोक."

माझा घसा भीतीने इतका कोरडा पडला होता, की मला नेमका तेव्हाच ठसका लागला.

"खोकली! अरे देवा, खोकली ती!" मार्वा किंचाळली. "पोरांनो, अजून एक ओंडका टाका!"

"गप बस गं बये!" मी ओरडले. "बंदूक नाही न् बिंदूक नाही! ऐका सगळे. ती बाई माझी पाहुणी आहे. मी बोलावलंय तिला. मी..." आणि इथे माझी जीभ अडली. ज्युनिपर माझ्याकडे बघत होती. "मी गांजा पिकवते. मी नेड्रा हॉलिस, माझ्या जमिनीवर, उन्हात, गांजा पिकवते. व्हर्नपण गांजाच पिकवायचा. टोमॅटोचं एक रोप आम्हाला कधी धड जगवता आलं नाही. मला परवाना हवाय आणि ती बाई तो द्यायला आलीय. तिला वर येऊ द्या. नाहीतर माझी पोरगी परत जाईल."

बोलले, आणि अंगातून कायतरी निघून गेलं. चाळीस वर्षं पोट आत ओढून बसले होते, ते सोडून दिल्यासारखं वाटलं.

रेडिओ खरखरला. मग ऑर्व्हल बोलला. "मला का नाही सांगितलंत?"

ज्युनिपरने माझ्या हातातून रेडिओ घेतला. "चुकलं, अंकल ऑर्व्हल. तू आमची राखण करतोस आणि तुलाच सांगितलं नाही. आता तूच आण ना तिला वर. तुझं सगळे ऐकतात."

"मी? सरकारला? वर?"

"हो."

"च्यायला," ऑर्व्हल म्हणाला, आणि रेडिओ बंद झाला.

आम्ही दोघी खिडकीला नाक लावून उभ्या होतो. खालून ऑर्व्हलचा गंजका ट्रक आला. तो उतरला, टोपी काढून त्या बाईशी काहीतरी बोलला, आणि मग मार्वाच्या शेळ्या हुसकायला लागला. मार्वाही धावत आली. वरच्या भावांनी ओंडका बाजूला सारला. मग पुढे ऑर्व्हलचा ट्रक आणि मागे सरकारची गाडी, अशी वरात हळूहळू आमच्या फाटकातून आत आली. त्याने ज्या गाड्या थांबवण्यात हयात घालवली, त्यातली एक तो स्वतः वाट दाखवत आणत होता.

तपासनीस बाईंचं नाव इत्झेल बारागान. वयाने ज्युनिपरपेक्षा लहानच. उतरताच म्हणाल्या, "तुमच्याकडे शेळ्या फार आहेत हो."

"आज जरा जास्तच सुटल्या," मी म्हटलं.

त्यांनी सगळं शांतपणे बघितलं. टाकीत डोकावल्या, कुंपण हलवून पाहिलं, झाडांच्या खोडाला बांधलेल्या नंबरच्या चिठ्ठ्या एकेक करून तपासल्या. शेवटी ओकखाली थांबल्या. तिथे मी एक ओळ सावलीत लावली होती, किडकिडीत, माना लांबवलेली.

"उन्हात एवढी जागा असताना ही इथे का?"

"नवरा इथे लावायचा," मी म्हटलं. "आम्हाला लपवावी लागायची ना."

बाईंनी मान हलवली. "आता नका लपवू. बाकी सगळं व्यवस्थित आहे. मी होकार कळवते, आठवड्याभरात परवाना हातात येईल."

ज्युनिपरने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी तिथेच, सरकारसमोर, ढसाढसा रडलो. बारागानबाईंनी सभ्यपणे दुसरीकडे बघत एका झाडाचं उगाचच कौतुक केलं.

त्या गेल्यावर मी ब्लॅकबेरी-पाय कापला. ऑर्व्हल जायला निघाला होता, मी दंडाला धरून ओसरीवर बसवला. किती वर्षांनी तो आमच्या ओसरीवर बसला होता! आधी सवयीने खुर्ची रस्त्याकडे वळवली. मग थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं, उठला, आणि खुर्ची फिरवून आमच्याकडे तोंड करून बसला.

ब्लॅकबेरी-पायचा पहिला घास घेतला आणि त्याने डोळे मिटले. मला वाटलं, चवीने. पण त्याने गालाला हात लावला.

"ज्युनिपर," तो म्हणाला, "तुझं युरेकाला जाणं होतं का कधी?"

"होतं की. का?"

"मला नेशील? त्या दाताच्या डॉक्टरकडे." मग आमच्याकडे न बघता, ताटलीकडे बघत म्हणाला, "अख्खा दिवस जाईल त्यात. पुलावर कुणी नसेल."

ज्युनिपरने मान हलवली.

"नसू दे," मी म्हटलं. "पूल काही पळून जात नाही."

मी ऑर्व्हलच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला.

"तोवर दुसऱ्या बाजूने चाव," मी म्हटलं.